एलियाहूची रिकामी खुर्ची

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभारलेले ‘शाआर हाशामायिम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे सिनेगॉग बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनास्थान आहे. मराठी मातृभाषा असलेल्या या यहुदी समाजाच्या घरगुती धर्मजीवनात एलियाहू हन्नाबी हा अब्राहाम किंवा मोशे यांच्याहूनही जवळचा वाटतो. ‘नाबी’ म्हणजे ईश्वराचा संदेश सांगणारा, संदेष्टा. नवस फेडताना, लग्नकार्यात किंवा नव्या घरात पाऊल ठेवताना त्याच्या नावाने मलिदा केला जातो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा यांचे मिश्रण. त्याच्याभोवती फळे मांडून एलियाहूचे हिब्रू स्तवन गायले जाते आणि मग तो सर्वांना वाटला जातो. एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे येथे उतरला व तेथील खडकावर त्याच्या खुणा उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे.

शास्त्रातला एलियाहू मात्र असा घरोब्याचा पाहुणा नाही. राजा अहाब आणि राणी ईजबेल यांनी बाआल या पर्जन्यदेवतेची उपासना इस्रायलात रुजवली, तेव्हा तो अवर्षणाचा शाप उच्चारतो, कर्मेल पर्वतावर आकाशातून अग्नी उतरवतो आणि बाआलच्या ४५० संदेष्ट्यांना किशोन ओढ्याकाठी ठार करतो. या विजयाचे फळ शास्त्रकाराने काय दाखवले, हे पाहण्याजोगे आहे: ईजबेलच्या धमकीने एलियाहू रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि ४० दिवस चालत होरेब पर्वतावरच्या गुहेत पोहोचतो. तेथे प्रथम प्रचंड वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी; पण या तिहींत ईश्वर नसतो, आणि शेवटी अगदी मंद, शांत असा स्वर ऐकू येतो. ज्याने अग्नीच्या बळावर ईश्वराचे सत्यत्व सिद्ध केले, त्यालाच अग्नीत ईश्वर नाही हे दाखवले जाते.

‘एलियाहू, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला या स्वराआधी आणि नंतर असा दोनदा विचारला जातो, आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर तेच असते: लोकांनी ईश्वराशी केलेला करार मोडला, मी एकटाच उरलो. दर्शनानेही त्याची तक्रार बदलत नाही. तेव्हा त्याला अलीशा हा उत्तराधिकारी नेमण्याची आज्ञा होते आणि बाआलपुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक इस्रायलात राखले जातील असे सांगितले जाते. तो एकटा नव्हताच. निष्ठावंत माणसे त्याच्या दृष्टीस पडली नव्हती, इतकेच. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण एलियाहूचा सगळाच आवेश चुकीचा नव्हे: पुढे अहाबाने नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला आणि त्यासाठी नाबोथाचा खोट्या साक्षीने बळी गेला, तेव्हा राजापुढे उभा राहून त्याने केलेला निषेध निखळ न्यायाचा आहे. दोष आहे तो साऱ्या समाजाला करारभ्रष्ट ठरवण्याचा.

यहुदी धर्मगुरूंच्या परंपरेने या दोषावर विलक्षण उपाय सुचवला. सुंता हे इस्रायलाच्या कराराचे चिन्ह. तेव्हा लोकांनी करार सोडला म्हणणाऱ्या एलियाहूने यापुढे प्रत्येक सुंतेच्या वेळी स्वतः हजर राहून तो पाळला जात असल्याची साक्ष द्यावी, असे ठरले, आणि म्हणून त्या विधीत त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात.

या दृष्टीने पाहिले तर कोकणातील बेने इस्रायल हे त्या ७,००० चेच वंशज वाटतात. हिब्रू ग्रंथ हाती नसताना, इतर यहुद्यांशी शतकानुशतके संबंध नसताना, तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणूनच शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शिवाय सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा त्यांनी टिकवली. बाआलसारखे शत्रू त्यांना येथे भेटले नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या देवांशी भांडण मांडल्याशिवाय आपली निष्ठा सांभाळता येते, हे त्यांनी जगून दाखवले. कर्मेलवरच्या एलियाहूला हे उमगले नव्हते.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, आणि उरलेल्यांपैकी अनेक ठाणे-मुंबई परिसरात आहेत. संख्या अशी घटली की एक नियम महत्त्वाचा ठरतो: सार्वजनिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. एकट्याच्या प्रार्थनेला धर्मशास्त्राची मनाई नाही, पण काही प्रार्थना मात्र दहा जण जमेपर्यंत म्हणताच येत नाहीत.