संवादाने मन बदलते, तेव्हा बदल कोणाचा?

एखाद्याची मनोवृत्ती दुसऱ्याच्या बोलण्याने बदलू शकते का, आणि बदललीच तर तो बदल ऐकणाऱ्याचा मानायचा की बोलणाऱ्याचा, हा प्रश्न समुपदेशन आणि कोचिंग या आजच्या व्यवसायांच्या मुळाशी आहे. प्रश्न मात्र जुना आहे. भारतीय परंपरेत त्याचा सर्वांत सविस्तर विचार भगवद्गीतेत आढळतो, कारण गीता हा आधी एका खचलेल्या माणसाशी झालेला संवाद आहे आणि तिच्यातले तत्त्वज्ञान त्या संवादाच्या ओघात आलेले आहे.

त्या संवादाचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. पहिल्या अध्यायाच्या उत्तरार्धात अर्जुन बोलत राहतो आणि कृष्ण ऐकून घेतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण त्याला खडसावतो: हा दुबळेपणा सोड, ऊठ. खडसावण्याचा काहीही उपयोग होत नाही. अर्जुन आपली व्यथा पुन्हा मांडतो, मार्ग विचारतो आणि तरीही लढणार नाही असे सांगून गप्प बसतो. खरा उपदेश या नकारानंतर सुरू होतो, आणि अर्जुन तो मुकाट्याने ऐकत नाही. ज्ञान श्रेष्ठ असेल तर मला या घोर कर्मात का लोटतोस, असे तो तिसऱ्या अध्यायात विचारतो. सहाव्यात मन आवरणेच अशक्य वाटते असे सांगतो, आणि कृष्ण ती अडचण खरी मानून अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सुचवतो. अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो की या साऱ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवलेला आहे. अर्जुनही शेवटी मोह गेला, स्मृती परत आली असे सांगतो. आपल्याला काही नवे मिळाले, असे तो म्हणत नाही.

या शेवटाला पुण्यात एक वेगळे वजन आले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम आणि उपसंहार जुळवून पाहावेत, ही मीमांसकांची कसोटी टिळकांनी गीतेला लावली. युद्ध सोडून निघालेला अर्जुन उपदेशानंतर लढला, म्हणून गीता कर्मयोग सांगते, असा त्यांचा निष्कर्ष. संवादाची पारख परिणामावरून करण्याची ही रीत बळकट आहे, पण पुरेशी नाही. माणूस पटल्यामुळे उठला की दबून उठला, हे नुसत्या परिणामावरून कळत नाही. टिळकांनाही ही अडचण जाणवली असावी. कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण लिहिले. कर्माची साखळी माणसाला जखडते हे ते मान्य करतात, तरी चांगल्याकडे वळण्याची प्रेरणा देणारा आत्मा स्वतंत्र आहे, यावर ठाम राहतात. हे स्वातंत्र्य नसेल तर उपदेशच व्यर्थ ठरतो.

व्यसनमुक्तीत हा वाद पुस्तकाबाहेर पडतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनाने तेव्हा अनेक घरे पोखरली होती. व्यसनी माणसाला शिव्या, शपथा आणि उपदेश यांची कमतरता कधीच नसते. घरचे, शेजारी, मालक सगळे ते देत असतात. मुक्तांगणने जिव्हाळ्याचा मार्ग धरला, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे समुपदेशक म्हणून उभी राहिली. शरीराला लागलेली सवय नुसत्या बोलण्याने उतरत नाही, त्यासाठी औषधोपचार लागतात. पण औषध संपल्यावर घरी जाऊन काय करायचे, हे त्या माणसालाच ठरवावे लागते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींशी बोलण्याची जी पद्धत मांडली, ती याच अनुभवाशी जुळते. सल्लागार बदलाची बाजू जितक्या हिरिरीने मांडतो, तितका समोरचा न बदलण्याची बाजू लढवतो. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावीत म्हणून सल्लागाराने विचारावे, ऐकावे आणि ऐकलेले त्याच्यापुढे पुन्हा ठेवावे. कृष्णाचे पहिले खडसावणे का फसले, याचे हे चांगले स्पष्टीकरण आहे.

तरी एक पेच उरतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींच्या परस्पर-मदत संघटनेची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत अशी कबुली, आणि पुढच्या पायऱ्यांत आपापल्या समजुतीच्या ईश्वरावर भार टाकायचा असतो. गीताही सहाव्या अध्यायात स्वतःचा उद्धार स्वतःच करायला सांगते आणि अठराव्यात ‘वाटेल तसे कर’ म्हटल्यावर लगेच शरण यायला सांगते. दोन्ही ठिकाणी विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. शरणागतीत सोडायचा असतो तो ‘मी एकटा सांभाळून घेईन’ हा हट्ट. हतबलतेची कबुली देणारा माणूस त्याच संध्याकाळी संघटनेच्या सभेला जायचे की गुत्त्यावर, हे स्वतः ठरवत असतो, आणि हट्ट सुटल्यामुळेच त्याला मदत मागता येते.

यापेक्षा अवघड आक्षेप बोलणाऱ्याच्या तटस्थतेचा आहे. कृष्ण तटस्थ नाही. तो पांडवांच्या बाजूला आहे आणि अर्जुनाने लढावे असेच त्याला वाटते. मात्र तो आपले मत झाकून ठेवत नाही, आणि अर्जुनाचा नकार अखेरपर्यंत शक्य असतो. बोलणाऱ्याचे मत उघड असणे आणि ऐकणाऱ्याला नकार देता येणे, या दोन अटी पाळल्या तर मत असूनही संवाद प्रामाणिक राहतो. पुण्यातील कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी नेमल्या जाणाऱ्या कोचलाही हीच कसोटी लावायला हवी. त्याचे मानधन कंपनी देते, म्हणून दृष्टिकोन बदलण्याचे उद्दिष्ट कोणी ठरवले, बोलणे वरिष्ठांपर्यंत जाणार का, आणि कर्मचाऱ्याने नको म्हटले तर त्याच्या बढतीवर परिणाम होणार का, हे पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजे. ते न सांगता घडवलेला बदल कंपनीचा असतो, कर्मचाऱ्याचा नाही.