मोकळ्या जागेचा धनी

रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा हिशेब आपण सहज मांडतो. सोलापूर मात्र निराळे सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्डा भरतो. जत्रा सरली की मैदान ओस दिसते. पण ते मोकळे राहिले म्हणूनच साऱ्या शहराला एकत्र यायला ठाव उरला.

शहराबाहेर कुंभारीला २००६ साली विडीकामगार स्त्रियांची १०,००० घरे झाली. जानेवारी २०२४ मध्ये तेथेच रेनगरची पहिली १५,००० घरे कामगारांना मिळाली. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला स्वतःच्या नावाचे दार लाभणे, ही लहान गोष्ट नव्हे. पण विड्या वळताना तिला ओटा हवा, शेजारीण हवी. घर नकाशावर मोजता येते. ही संगत कशी मोजायची?

कोणी म्हणेल, आधी छप्पर, मग चौक. खरेच आहे, उघड्यावरच्या माणसाला चौकाचे कौतुक कसले? परंतु घरासाठी भांडायला घरधनी असतो, मैदानासाठी कोणीच नसतो, म्हणून आधी तेच गिळले जाते. ज्याला एक धनी नाही, त्याची राखण सर्वांनाच करावी लागते. दिवाळीची पणती आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, ती उगाच नव्हे.