शनिवारचा मंच, रविवारची वेदी



काही दिवसांपूर्वी एक आई मला भेटायला आली. तिची मुलगी आपल्या गायनमंडळात गाते आणि अलीकडे लग्नसमारंभात ऑर्केस्ट्राबरोबरही गाऊ लागली आहे. आईच्या डोळ्यांत पाणी होते. ती म्हणाली, "फादर, लोक बोलतात. शनिवारी रात्री स्टेजवर गाणारी मुलगी रविवारी वेदीपाशी उभी राहून स्तोत्र कशी गाते, असं विचारतात. तिला मी काय सांगू?" मी तिला लगेच उत्तर दिले नाही. तिच्या संमतीने आज सर्वांसमोर देतो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी एका गायिकेची जीवनकथा ऐका. अरेथा फ्रँकलिन हे तिचे नाव. ती कॅथलिक नव्हती, बाप्टिस्ट पंथाची होती. तिचा जन्म 1942 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात झाला आणि ती डेट्रॉइटमध्ये वाढली. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे तेथील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पाळक व नामांकित प्रवचनकार होते. 1952 साली तिची आई वारली, तेव्हा अरेथा दहा वर्षांचीही नव्हती. त्या पोरक्या मुलीला गाणे सापडले ते चर्चमध्ये. कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या ज्या भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात, ती गीते ती वडिलांच्या चर्चमध्ये गाऊ लागली. चौदाव्या वर्षी, 1956 साली, त्याच चर्चमध्ये तिच्या भक्तिगीतांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले.

पुढे 1960 साली, अठराव्या वर्षी, तिने एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि ती प्रापंचिक गाणी गाऊ लागली. त्या काळी हे पाऊल सोपे नव्हते. गॉस्पेल सोडून पॉपकडे वळणे म्हणजे देवाशी बेइमानी, असे अनेक भाविकांना वाटे. सॅम कुक हा असाच एक गाजलेला गॉस्पेल गायक. 1956 साली त्याने पहिले पॉप गाणे गायले, तेव्हा लोकांच्या धास्तीने रेकॉर्डवर दुसरेच नाव घातले होते! अरेथाने मात्र स्वतःच्याच नावाने गायले. पहिली सहा वर्षे फारसे यश आले नाही. 1967 साली 'रिस्पेक्ट' हे गाणे आले आणि ती घराघरांत पोहोचली. मूळ गाणे ओटिस रेडिंग या गायकाचे, पुरुषाच्या तोंडचे. अरेथाने ते स्त्रीच्या तोंडी घातले आणि आदराची मागणी केली. स्त्रियांना आणि हक्कांसाठी झगडणाऱ्या कृष्णवर्णीयांना ते आपले गाणे वाटले. ते प्रापंचिकच होते, पण माणसाच्या प्रतिष्ठेविषयी होते. देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाची प्रतिष्ठा आपल्या श्रद्धेला परकी आहे काय?

मग जानेवारी 1972 मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, तिने एक वेगळा निर्णय घेतला. लॉस एंजेलिसमधील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये, भाविकांसमोर, रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांच्या गायकवृंदाबरोबर ती दोन रात्री भक्तिगीते गायली. त्यात तिने 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' हे पॉप गाणे एका जुन्या भक्तिगीताशी जोडले, आणि मैत्रीचे ते गाणे प्रभूविषयीची प्रार्थना झाले. दुसऱ्या रात्री तिचे वडीलही आले होते. अरेथाने चर्च कधी सोडलेच नव्हते, अशी त्यांनी सर्वांसमोर ग्वाही दिली. मुलीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या त्या पित्याला मी वंदन करतो. 'अमेझिंग ग्रेस' या नावाने ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. एकट्या अमेरिकेत त्याच्या 20 लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या दोन रात्रींचे चित्रीकरणही झाले होते. परंतु दृश्य आणि आवाज जुळवण्यासाठी प्रत्येक वेळी जी पाटी वाजवतात, ती वाजवलीच गेली नाही. चित्र एका रिळावर, आवाज दुसऱ्या रिळावर, आणि दोघांचा मेळ बसेना. पुढे नव्या तंत्राने तो मेळ बसवला गेला, पण मग कोर्टकज्जे आड आले. अखेर तिच्या निधनानंतर, 2018 सालीच, तो चित्रपट लोकांसमोर आला.

भाविकहो, इथे क्षणभर थांबू या. त्या चित्रपटात जे राहून गेले, ते आपल्या जीवनातही राहून जात नाही ना? आपण मिस्सात क्षमेचे गीत गातो आणि बाहेर पडल्यावर शेजाऱ्याशी अबोला धरतो. आवाज एका रिळावर, जीवन दुसऱ्या रिळावर! आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर स्वतःच्याच लोकांची गीते नाकारतो. सूर चुकला म्हणून नव्हे, तर त्यांच्या जीवनात न्याय नाही म्हणून. तेव्हा गाणाऱ्या मुलीकडे बोट दाखवण्यापूर्वी आपला स्वतःचा मेळ बसतो का, ते पाहू या.

अरेथाला मी संत म्हणत नाही. तिचे दोन विवाह मोडले, आयुष्यात दुःखे आणि चुका झाल्या. पण परतीची वाट तिने बुजू दिली नाही. 1987 साली तिने पुन्हा वडिलांच्या चर्चमध्ये भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण केले. 2015 साली फिलाडेल्फियात कुटुंबांच्या मेळाव्यात ती पोप फ्रान्सिस यांच्यासमोर गायली. 16 ऑगस्ट 2018 रोजी ती प्रभुघरी गेली. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तिचे पार्थिव दर्शनासाठी न्यू बेथेल चर्चमध्येच ठेवले होते. जिथे तिने लहानपणी सूर लावला, तिथेच ती शेवटची आली.

तर त्या आईला माझे उत्तर असे. बाई, मुलीला गाऊ द्या. मालकाने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराची प्रभू येशूने स्तुती केलेली नाही. पण तिला दोन गोष्टी सांगा. स्त्रीचा किंवा कुणाचाही अपमान करणारे गाणे पैशासाठी गाऊ नकोस. तुझा आवाज विकाऊ नाही, तो देवाची ठेव आहे. आणि शनिवारी कितीही उशीर झाला, तरी रविवारी तुझी जागा रिकामी ठेवू नकोस. आणि आपण सर्वांनी तिला एक गोष्ट द्यायची आहे: ती आली की सरकून जागा द्या, कुजबुज नको.

हे प्रभो, तू दिलेल्या सुरांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या ओठांवरचे गीत आणि आमच्या हातांचे काम एकमेकांशी जुळू दे. दूर गेलेल्यांना परतीची वाट दाखव, आणि ती वाट अडवणारे आम्ही होऊ नये, अशी कृपा कर. आमेन.