गोळीची राखण

भोरला स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये परवा माझ्यापुढे साठीचे एक बाबा उभे होते. हिरडस मावळातल्या कुठल्याशा वाडीचे असावेत. "मागं दिली व्हती ती द्या, खोकल्याची. एकच द्या," म्हणाले. दुकानदाराने अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी काढली आणि कात्रीने एक गोळी कापून दिली. चिठ्ठी त्याने विचारली नाही, बाबांकडे ती नव्हतीही. डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तर शेवटची गाडी चुकते, आणि फी द्यावी लागते ती वेगळीच. दोघांचंही वागणं मला तिथल्या तिथे पटत होतं. खरी अडचण तीच आहे.

क्रोसिन मी हजार खाल्ल्या तरी शेजाऱ्याची डोकेदुखी त्याच्या क्रोसिनने थांबायची ती थांबतेच. अँटिबायोटिकचं तसं नाही. बाबांचा खोकला बहुधा विषाणूचा, त्यावर ही गोळी चालतच नाही. पण पोटातल्या, घशातल्या इतर जंतूंवर ती चालते. त्यातले नेभळट मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. आपलं कसब ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. म्हणजे गोळी बाबांनी विकत घेतली तरी तिची ताकद एकट्या बाबांची नाही. ती गायरानासारखी आहे, सगळ्यांची. मी चारलेलं तुमच्या गुरांना कमी पडतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना ते अपुरं घेण्याचा हाच धोका सांगितला होता. ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील.

सगळ्यांच्या मालकीची वस्तू राखायची कशी, हा प्रश्न भोर-वेल्ह्याला नवा नाही. (वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं, तोंडात अजून वेल्हेच येतं.) इथल्या डोंगरात देवराया आहेत, कुठे शिरकाईची, कुठे वाघजाईची, कुठे भैरोबाची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांच्यावर लिहिलं. राईत कोयता लावायचा नाही, पुष्कळ ठिकाणी पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा नियम.

देवाच्या भीतीने राई टिकली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अर्धंच खरं वाटतं. राईची हद्द पोरासोरांनाही ठाऊक असायची. कुऱ्हाडीचा आवाज वाडीपर्यंत यायचा, चोरून तोडणं जमायचं नाही. आणि राईच्या पायथ्याचा झरा तिथल्याच माणसांच्या हंड्यात पडायचा, म्हणजे ज्याने हात आवरला त्यालाच पाणी मिळायचं. पुढे पानशेत धरणाच्या निमित्ताने या डोंगरात रस्ते आले, रस्त्यामागून कोळशाचे व्यापारी आले आणि झाडी भराभर उतरली. देव तेच होते. पण घेणारा बाहेरचा होता. त्याला झऱ्याशी देणंघेणं नव्हतं आणि गावकीचा नियम त्याला लागू नव्हता.

अँटिबायोटिकच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा वाद इथूनच सुरू होतो. जंतूला तालुका नाही की व्हिसा नाही. एका देशाने कितीही राखलं तरी दुसऱ्या देशातून घेणारा येतोच. मात्र हा वाद सुरू झाला की पहिली काही वर्षं 'कुणी तोडलं' यातच जातात. २०१० साली एनडीएम-१ या विकराचं नाव गाजलं. बड्या राखीव औषधांनाही निकामी करणारं हे विकर भारतात उपचार घेऊन गेलेल्या स्वीडनमधल्या एका रुग्णात सापडलं होतं. नावात 'नवी दिल्ली' आलं म्हणून आपल्याकडे संतापाची लाट उठली. संताप चुकीचा नव्हता. शहराचं नाव असं विकराला चिकटवणं वाईटच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या २४ प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जंतूंपैकी २२ जंतूंत हेच विकर असल्याचं छापलं होतं. ही माहिती आपल्याच माणसांनी आपल्याच नियतकालिकात दिली होती, आणि भांडण चाललं होतं ते नावावरून.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जंतूंच्या या प्रतिरोधावर दोन उच्चस्तरीय बैठका घेतल्या, २०१६ आणि २०२४ साली. दुसरीच्या जाहीरनाम्यात लिहिलं की प्रतिरोधाशी निगडित मृत्यू २०१९ साली सुमारे ४९.५ लाख होते, ते २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करू. पहिल्या मसुद्यात आणखी एक आकडा होता: पशुपालन आणि शेतीतला वापर ३० टक्क्यांनी घटवायचा. वाटाघाटींत तो गळाला आणि जागी 'अर्थपूर्ण घट' आली. अर्थपूर्ण म्हणजे किती? ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे. शिवाय हे सगळं जाहीरनाम्यातलं. मोडलं तर दंड नाही, कुऱ्हाडीचा आवाज ऐकायला कुणी नाही.

दात असलेला नियम बाजारात दिसतो. युरोपला जाणाऱ्या कोलंबीत औषधाचा अंश सापडला तर माल परत येतो, त्यामुळे निर्यातदार काळजी घेतो. भोरच्या गाईचं दूध मात्र पुण्याला जातं. गाईच्या कासेला दगडी झाली की सडात औषधाची ट्यूब भरतात. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. सकाळी किटली घेऊन केंद्रावर गेलं की रोज बघतात ते फॅट आणि एसएनएफ. त्या दिवसांचं दूध ओतून द्यायचं तर दोन गाई असलेल्या माणसाला त्याचे पैसे कोण देणार? याचं उत्तर नसलेला नियम न्यूयॉर्कात लिहा नाहीतर मंत्रालयात, तो केंद्राच्या दाराबाहेरच राहतो. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन २०१९ साली देशभर बंद झालं, ते योग्यच झालं. पण ते बंद करणं सोपं होतं, कारण गोठ्यापेक्षा कारखान्यावर नजर ठेवता येते.

तरीही 'वापरू नका' एवढाच नियम असेल तर मी त्याच्या विरुद्ध आहे. याच वेल्ह्यात पावसाळ्यात वरच्या वाडीतून न्यूमोनियाचं पोर खाली आणायला उशीर होतो, तेव्हा साध्या अमॉक्सिसिलिनची गरज असते आणि ती जवळ नसते. जगात पुष्कळ माणसं औषध न मिळाल्याने मरतात. याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीला, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिन इथल्या माणसाला मिळावं म्हणून. प्रतिजैविकांबाबत आपल्या वाट्याला आलेलं एक जुनं आंतरराष्ट्रीय सहकार्य पुरवण्याचं होतं, आवरण्याचं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्याशिवाय गरीब देश सही कशाला करतील?

देवराईतही बंदी सरसकट नव्हती. देवळाची तुळई मोडली, गावावर अडचण आली, तर गुरव कौल लावायचा आणि देवाने दिला तर झाड मिळायचं. मागणाऱ्याला सगळ्यांसमोर गरज सांगावी लागायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांचे तीन गट केले त्यात मला हा कौल दिसतो: सहज द्यायची, जपून द्यायची आणि शेवटी ठेवायची. माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत, हेही २०२४ च्या जाहीरनाम्यात आहे. अमॉक्सिसिलिन त्या पहिल्या गटात. बाबांची अझिथ्रोमायसिन दुसऱ्या, जपायच्या गटात.

आपल्याकडे २०१४ पासून 'एच-१' यादी आहे. तिच्यातलं औषध दिलं की दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं ठेवायची. सेफिक्झिम त्या यादीत आहे, अझिथ्रोमायसिन नाही. चिठ्ठी तिलाही लागते, वही लागत नाही. त्या काउंटरवर वही होती, आडवी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यावर रिचार्जची पाकिटं ठेवली होती.

बाबांनी गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गाडी गाठायला लगबगीने निघाले. औषधाचं नाव असलेला पट्टीचा भाग दुकानातच राहिला. त्यांच्याकडे गेली ती नुसती चंदेरी चौकट. दुकानदाराने उरलेल्या दोन गोळ्या डब्यात परत ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं, "बोला, काय देऊ?"