शुद्धिपत्र कोणी कोणाला द्यायचे?

आपल्या नगर जिल्ह्याला २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर म्हणतात. नाव काहीही घ्या, या जिल्ह्याला एक थोर भाग्य लाभले आहे. प्रवरेच्या काठी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून माउली बसली असे आपण मानतो, तो पैस खांब आजही तेथे उभा आहे. वारकरी येतो, खांबाला मिठी मारतो, कपाळ टेकवतो आणि डोळे पुशीत बाहेर पडतो. मीही पुष्कळ वेळा तसाच बाहेर पडलो आहे. परंतु माउली नेवाशास आली ती कोठून आली, कशासाठी वणवण करीत आली, याची आठवण त्या खांबापाशी आपल्याला सहसा होत नाही.

कथा आपल्या तोंडची आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसार केला. आळंदीकरांनी घर वाळीत टाकले. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरी पोरांचा विटाळ काही गेला नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार लेकरे संन्याशाची पोरे ठरली. त्यांना सांगण्यात आले, पैठणास जा आणि तेथील ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र घेऊन या, मग पाहू. ती पोरे पायी पैठणास गेली. आणि परंपरा सांगते की पैठणाहून परत येताना ती नेवाशास थांबली.

मंडळी, शुद्धिपत्र म्हणजे काय हो? एक कागद. 'ही माणसे आमच्यापैकी आहेत' असे दुसऱ्या माणसांनी लिहून दिलेला कागद. ज्यांच्या नावाचा आपण उठता बसता गजर करतो, ती आपली आईच एके काळी बिनकागदाची होती. ही गोष्ट मी पंचवीस वर्षे प्रवचनात सांगत आलो. ती मला समजली मात्र गेल्या वर्षी, आणि तीही फजिती झाल्यावर. ती फजिती आज उघड सांगतो.

आमच्या गावच्या गायरानात ओढ्याच्या कडेला फासेपारध्यांची तीन पाले आहेत. त्यांतला एक म्हातारा सप्ताहाच्या चार दिवस आधी माझ्या दारात आला. नातवाला वसतिगृहात घालायचे होते. त्यासाठी जातीचा दाखला पाहिजे, दाखल्यासाठी रहिवासाचा पुरावा पाहिजे, आणि पुराव्यासाठी गावातल्या जाणत्या माणसांच्या सह्या घेऊन ये, असे त्याला कोणी सांगितले होते. म्हणाला, "महाराज, येक सही द्या."

मी म्हणालो, "अरे, तू कुठला, तुझा बाप कुठला, मला काय ठाऊक? उद्या काही भानगड निघाली तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

तो म्हणाला, "बारा वरसं हितंच हाय, महाराज. तुमच्या रानात खुरपलंय."

मी काही बोललो नाही. त्याने कागदाची घडी घातली, मुंडाशाच्या पदरात खोचली आणि तो गेला. तो माझ्याहून वयाने वडील. तरी मी त्याला 'अरे' म्हटले, आणि तो मला 'महाराज' म्हणत होता.

मग सप्ताह बसला. पाचव्या दिवशी मी पैठणची कथा लावली. कथा रंगली. मुक्ताईच्या पायातले फोड मी असे वर्णन केले की आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात माझी नजर मांडवाच्या टोकाला गेली. बाहेर, कनातीच्या पलीकडे, तो म्हातारा बांबूला धरून उभा होता. हात जोडलेले. तोही रडत होता. माझी जीभ अडखळली. टाळकऱ्यांना वाटले महाराजांना प्रेमाचे भरते आले. प्रेमाचे नव्हते ते.

घरी आलो, आईला सांगितले. आमची आई ऐंशीची, अक्षरओळख नाही, वारी मात्र कधी चुकवली नाही. ती म्हणाली, "तू त्याला वळखत न्हाईस व्हय? त्या दुष्काळात आपली गाय हिरीत पडली, तवा हिरीत कोन उतरलं व्हतं? वळखत न्हाई म्हनलास, ते खोटं बोललास बघ."

वाचकहो, येथे खरा प्रश्न आहे. मला वाटत होते, मी सही दिली नाही म्हणजे फार तर दया केली नाही. दया करणे न करणे हे आपल्या खुशीचे. न केली तर पुण्य बुडाले, पाप काही लागले नाही. आईने दाखवले की तसे नाही. जे मी बारा वर्षे डोळ्यांनी पाहिले होते, ते 'मला ठाऊक नाही' असे मी म्हटले. ही खोटी साक्ष झाली. न केलेल्या गोष्टीची साक्ष देणे जसे असत्य, तसेच पाहिलेल्या माणसाला न पाहिलेला म्हणणे हेही असत्यच. भूतदयेचा पहिला अर्थ अन्न वाढणे हा नव्हे. समोरचे भूत आहे, हे कबूल करणे हा पहिला अर्थ. ताटाचे पुढचे पुढे.

आता या लोकांजवळ कागद का नाही, तेही पाहू. असे नाही की सरकारदरबारी त्यांची नोंदच नव्हती. नोंद पक्की होती! इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय केली. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरली. बोटांचे ठसे, पोलीसपाटलाकडे नाहीतर चौकीवर हजेरी, परवान्याशिवाय दुसऱ्या गावी जायचे नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहत. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षे आणि सोळा दिवस हे लोक स्वतंत्र देशात कैदी होते. कुंपणाची तार निघाली. मनातली तार अजून आहे. गावात चोरी झाली की फौजदार आधी कोणत्या पालावर जातो, हे आपण सगळे जाणतो.

आणि आज जातीचा दाखला काढायला गेले, की अनुसूचित जमातीच्या माणसाने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा दाखवायचा. भटक्या विमुक्तांनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. नियम का आहे ते समजते. खोटे दाखले काढणारे पुष्कळ आहेत. पण पहा, ज्याच्या आज्याला एका ठिकाणी राहू दिले नाही, त्याच्या नातवाला विचारायचे, तुझा आजा कोठे राहत होता? २००८ साली रेणके आयोगाने आणि पुढे इदाते आयोगाने आपापले अहवाल दिल्लीला दिले. अहवाल झाले, पालावर अजून चिमणीच आहे.

पारध्यांचेच काय, अकोले तालुक्यात जाऊन पहा. तेथे महादेव कोळी, ठाकर डोंगराच्या कुशीत राहतात. इंग्रजांशी लढून १८४८ साली ठाण्यास फासावर गेलेला राघोजी भांगरा त्याच मातीतला. प्रवरा तेथे रतनगडाच्या अंगाला उगम पावते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, खालचा मुलूख हिरवा झाला, ऊस आला, कारखाने आले. आणि उन्हाळ्यात त्या डोंगरातल्या काही वाड्यांवर बाया हंडे घेऊन पायपीट करतात. नेवाशास पैस खांबाचे दर्शन घेण्यापूर्वी आपण ज्या प्रवरेत हातपाय धुतो, ती त्यांच्या अंगणातून आलेली असते. तीर्थ म्हणून तोंडात घेताना एवढे तरी स्मरण असावे.

आता कोणी म्हणेल, "महाराज, तुमचे ठीक आहे, पण त्यांच्यात चोर असतात." असतात. आमच्यातही असतात, आमचे चोर पाटावर बसून जेवतात एवढेच. नेवाशास ग्रंथ संपवून माउलीने देवाजवळ पसायदान मागितले, त्यात दुष्टाचा नाश मागितला नाही, दुष्टपणा जावा आणि सगळ्यांची एकमेकांशी मैत्री व्हावी असे मागितले. चोराला शिक्षा जरूर व्हावी. पण एकाने केली म्हणून त्याच्या पाळण्यातल्या पोराला शिक्षा, हा न्याय कोणत्या गीतेत आहे?

या जिल्ह्याने जिचे नाव घेतले ती अहिल्याबाई चोंडीची लेक. होळकरांच्या राज्यात डोंगराळ वाटांवर भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी बंडखोरांना जरब दिली, हे खरे. पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वाटसरूकडून लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, तिला भिलकवडी म्हणत, आणि त्याबदल्यात वाटेची राखण त्यांच्याकडे दिली. लुटणारा तोच राखणदार झाला. त्याला आधी माणूस म्हणून हिशेबात धरले, म्हणून झाला. नाव घ्यायचे तर ही रीतही घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त बिकट आहे. "कागद नसलेला माणूस परक्या देशातून चोरून आलेला असला तर?" शहरांतून, बांधकामांवर असे लोक असतात, हे खरे. कोण या देशाचा आणि कोण नाही, हे ठरवणे राज्याचे काम आहे, ते कायद्याने करावे. परका असलेल्या माणसाला 'हा आमच्या गावचा' अशी सही मीही देणार नाही. तीही खोटी साक्षच. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. एक, कागदावरून माणूस ओळखताना चूक होते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आसपास मजुरी करणारे बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपार लोटले गेले. नंतर ते आपलेच ठरले आणि परत आणावे लागले. त्या रात्री त्यांच्या मनाचे काय झाले असेल? दुसरी गोष्ट, तहान कागद विचारीत नाही. जो खरोखरच परका आहे, त्याचा निकाल उद्या सरकार लावील. आज तो दारात उभा आहे, पोर तापाने फणफणले आहे, तर पाणी आणि औषध देणे हे माझे काम, त्याला लाथ न मारणे हेही माझेच काम. सरकारचा धर्म निराळा, माझा निराळा. सरकारचे नाव पुढे करून माझा धर्म मी बुडवू नये.

आणि आपण तरी कोण? पाथर्डीकडची आपली माणसे दरसाल कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात, उघड्या रानात खोपी घालतात. नामदेवराय पंजाबात गेले. घुमानला त्यांचे स्थान आहे, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांनी आपल्या ग्रंथसाहिबात घेतली. हा परका शिंपी कोण, असे म्हणून त्या लोकांनी दार लावले असते तर? अहो, आपला विठोबा स्वतः कानडा म्हणवतो! निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्याच जिल्ह्यातून जाते. दिंडीत आपण परक्याच्या ओसरीवर पडतो, परक्याची भाकरी खातो. कोणी विचारते का, दाखला काढ म्हणून? गळ्यातली माळ पाहतात आणि तांब्या पुढे करतात. तेवढे दिवस आपण सगळेच पालावरचे असतो. वारीचा हा धडा पंढरपुरातच ठेवून येऊ नये.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. होळीपासून पाडव्यापर्यंत वाटेवरची ही माणसे तेथे जमतात, गाढवांचा बाजार भरतो. वर्षभर ज्यांना गाव नसते त्यांचे ते गाव. त्यांनाही एक पंढरी लागते, यावरून ओळखावे की त्यांचे काळीज आपल्यासारखेच आहे.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालावर गेलो. म्हाताऱ्याने पोत्याची घडी टाकून बसवले. "काका, कागद आणा," असे मी म्हणालो, तेव्हा तो आधी मागे वळून पाहू लागला, काका कोणाला म्हटले म्हणून. त्याच्या सुनेने काळा चहा केला. खोटे कशाला बोलू, पेला ओठाला लावताना क्षणभर हात थांबला. मग माझ्या हाताची मलाच लाज वाटली. चहा प्यालो. 'बारा वर्षे या गावी राहतात, मी डोळ्यांनी पाहतो' असे लिहून खाली सही केली. एवढ्याने दाखला मिळाला असे नाही. १९५० पूर्वीचे काहीतरी आणा म्हणतात. आता आम्ही दोघे जुन्या नोंदी शोधत तालुक्याला खेटे घालतो आहोत. सापडेलच असे नाही.

पण एक शिकलो. कायद्यालाही साक्ष नको असते असे नाही. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत तर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले सांगणे पुरावा म्हणून धरले आहे. प्रत्येक गावात माळकरी आहेत, आणि माळकऱ्याच्या शब्दाला अजून थोडी किंमत आहे. ती किंमत कोठे खर्च करायची? ज्याला कोणी ओळख देत नाही त्याला, पाहिले तेवढेच, पण पाहिले ते सगळे, लिहून देण्यात ती खर्च करावी. खोटे एक अक्षर नको. भीतीने गाळलेलेही एक अक्षर नको.

परवा पुन्हा नेवाशास गेलो. खांबाला कपाळ टेकवले आणि मनात आले, त्या वेळी पैठणाच्या वाटेवर मी असतो, आणि ती चार पोरे माझ्या दारात 'एक सही द्या' म्हणत आली असती, तर मी काय म्हटले असते? 'तुम्ही कुठली, तुमचा बाप कोण, मला काय ठाऊक' हेच म्हटले असते. म्हणून म्हणतो, शुद्धिपत्र त्यांना लागत नव्हते, ते देणाऱ्यांना लागत होते. आजही तसेच आहे. पालावरच्या माणसाला आपण जो कागद लिहून देऊ, त्यावर नाव त्याचे असेल, शुद्धी मात्र आपली होईल.

राम कृष्ण हरि.