काजव्याचे डोळे

ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला की पवन मावळात बेडशाकडच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. आपल्याला ती शोभा वाटते. त्यांचे ते बोलणे असते. काजव्याचा एकेक डोळा अनेक बारीक भिंगांचा मिळून झालेला. उडता नर चमकतो, मादी उत्तर देते. अंधारातला तो एवढासा ठिपका ओळखता यावा, असाच हा डोळा कोट्यवधी वर्षांत घडत आला. गांडुळाला तर डोळेच नाहीत; त्याच्या कातडीला उजेड कळतो. ज्याला जेवढी लागली, तेवढी दृष्टी त्याला लाभली.

आपण बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे घेऊन काजवे पाहायला जातो. त्या झोतात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. पंख फुटल्यावर त्यांच्या हाती थोडेच दिवस असतात. वाया गेलेली रात्र परत येत नाही.

दिवा लावणे पुण्याचे, हे खरे. पण ज्याने दुसऱ्याची दृष्टी हरपते, तो दिवा पुण्याचा कसा? चराचरात पांडुरंग म्हणतो, तर त्या किड्याच्या डोळ्यांनीही तोच पाहतो. वाटेला उजेड लागतो, तो पावलापुरता धरावा. झाडापाशी पोचल्यावर, माउली, दिवा शांत करावा. तीही पूजाच.