सेवा करणाऱ्याचा दासोह



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. कल्याण नगरीत सांडलेले तांदळाचे दाणे वेचावयाचे आणि त्यातून जंगमदासोह चालवावयाचा, हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घरी आणले. बसवण्णांनी ते मुद्दामच सांडविले होते, असे कथेत येते. लक्कम्मांनी ती पोतडी पाहिली आणि पतीला सरळ विचारले, आपल्या आजच्या गरजेपेक्षा हे अधिक का? जेथून आणले तेथे परत टाकून या. मारय्यांना परत जावे लागले.

या कथेवर आम्ही आजवर असंग्रहाच्या अंगाने बोलत आलो. आज तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे. लक्कम्मांनी धान्याला लावलेला नियम माणसाच्या श्रमाला लावून पाहा. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तेथे आपण सारे मिळून एकाच व्यक्तीच्या अंगातून रोज गरजेपेक्षा जास्त उचलतो. ती व्यक्ती बहुधा सून असते, लेक असते, पत्नी असते. उचललेले परत टाकण्याची आठवण मात्र कोणाला राहत नाही.

हे सुचण्याला कारण घडले ते सांगतो. आमच्या मठाच्या एक भक्त भगिनी दर सोमवारी न चुकता येत. सासूबाईंना विस्मरणाचा विकार जडला आणि त्यांचे येणे थांबले. सहा वर्षांनी, मागच्या श्रावणात, एका रात्री त्या धावतपळत दर्शनाला आल्या. शेजारणीला दहा मिनिटे घरात बसवून आल्या होत्या. आम्ही विभूती दिली आणि म्हणालो, "ताई, तुमची ही सेवा म्हणजे साक्षात शिवपूजाच. तुम्हाला मठात येण्याची गरज काय?" त्या काही बोलल्या नाहीत. नमस्कार करून उठल्या. दाराशी थांबून एवढेच म्हणाल्या, "अप्पाजी, सहा वर्षांत मी एक रात्र सलग झोपलेली नाही."

आम्ही जे बोललो ते खोटे नव्हते. पण भुकेलेल्याला अन्नाचे माहात्म्य सांगावे तसे ते झाले.

खरे तर आम्हाला हे तेव्हाच कळावयास हवे होते, कारण मठातच एकदा असे घडून गेले आहे. २००४ साली आमचे थोरले गुरुजी पक्षाघाताने अंथरुणास खिळले. मठातील एक तरुण सेवक त्यांच्याजवळ रात्रंदिवस असे. दर दोन तासांनी कूस बदलणे, कारण एकाच अंगावर पडून राहिले की पाठीला व्रण पडतात. अंबील चमच्याने भरविणे, ठसका लागू नये म्हणून मान उंच धरणे. कपडे बदलणे, औषधाच्या वेळा सांभाळणे. जत्रेच्या व्यासपीठावरून आम्ही त्याच्या सेवेची तोंड भरून स्तुती केली, शाल घातली. पण तीन वर्षांत त्याला एक दिवसाची रजा दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही. मागणे म्हणजे भक्तीत उणेपणा, असे त्याला वाटे. आम्हालाही तसेच वाटत असावे.

एके दुपारी त्याने अंबिलीची वाटी भिंतीवर फेकली आणि गुरुजींना नको ते बोलला. आम्ही धावत गेलो. त्याला मठातून काढून टाकावे एवढा आमचा राग चढला होता. गुरुजींना तेव्हा दोनचार शब्दच उच्चारता येत. त्यांनी डावा हात उचलला, त्याच्याकडे बोट केले आणि म्हणाले, "गावी... आईकडे... परत." आम्हाला प्रथम वाटले, याला कायमचा गावी पाठवा म्हणतात. त्यांनी मान हलविली आणि पुन्हा म्हणाले, "परत." याला आईकडे जाऊ द्या, तो परत येईल, असा त्याचा अर्थ होता. बारा दिवस आम्ही चौघांनी आळीपाळीने गुरुजींची सेवा केली. पहिल्या दोन रात्रींतच आमची कंबर धरली. तेराव्या दिवशी तो सेवक आला आणि गुरुजी लिंगैक्य होईपर्यंत त्याने पुन्हा कधी आवाज चढविला नाही. त्याचा दोष शोधण्यात आमचा सारा राग खर्च झाला होता. दोष होता आमच्या व्यवस्थेत, आणि तो जागेवरून हलू न शकणाऱ्या रुग्णाने ओळखला.

या बारा दिवसांना आपण विसावा म्हणू. त्याची रीत तीन प्रकारची असते. शिकविलेला माणूस काही तास घरी येऊन बसतो. किंवा रुग्ण दिवसापुरता एखाद्या केंद्रात जाऊन संध्याकाळी परतो. किंवा आठपंधरा दिवस एखाद्या निवासात राहतो. विस्मरणाच्या रुग्णाला जागा बदलली की तो घाबरा होतो, म्हणून त्याच्यासाठी पहिला मार्ग बरा. आणि तोही एकदम पूर्ण दिवसाचा नव्हे. आधी दोन तास, घरचे माणूस शेजारच्या खोलीत, मग हळूहळू अधिक.

आता कोणी विचारेल, हे कुटुंबाचे काम. यात समाजाने आणि शासनाने का पडावे? त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. आईवडिलांना सांभाळणे मुलांवर बंधनकारक झाले, आणि ज्याच्यावर ज्येष्ठाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्यास कायमचे टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. हे योग्यच झाले. निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम उभारण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे जो टाकतो त्याला शिक्षा, ज्याला कोणी नाही त्याला आश्रम. पण जी टाकत नाही, सहा वर्षे उशाशी बसून आहे, तिच्यासाठी त्या कायद्यात काय आहे? विसाव्याचा एक दिवसही नाही.

अपंगत्वाच्या क्षेत्रात थोडी जाग अगोदर आली. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी तो आहे, आणि त्याच्या 'समर्थ' या योजनेत अल्पकाळ राहण्याची कल्पना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना अधिक आधार लागतो अशांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आला. केरळ राज्याने 'आश्वासकिरणम्' या योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या काळजीवाहकासाठी दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम लहान, पण रुग्णाच्या उशाशी आणखी एक माणूस बसलेले आहे हे सरकारी वहीत लिहिले गेले. वयोवृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष योजिला आहे. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. सासूबाई रुग्णालयात गेल्या तर पैसे आहेत. त्या घरी असताना सूनबाई आठ दिवस माहेरी जाणार असतील, तर नाहीत.

हे थोड्या घरांचे दुखणे नव्हे. आपल्या देशातील ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना विस्मरणाचा विकार असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत दिसले की १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची काळजी घेण्यात रोज सरासरी १४० मिनिटे घालवितात, पुरुष २१.४ टक्के, आणि तेही ७४ मिनिटे. यात मुलांचे करणेही आले. तरी पुरुष भक्तांनी हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

परदेशात कसे चालते तेही थोडक्यात सांगतो. जपानमध्ये २००० साली देखभालीचा विमा सुरू झाला. चाळिशीनंतर प्रत्येक जण त्यात हप्ता भरतो. वृद्धाला काही दिवस केंद्रात ठेवावयाचे, घरच्यांनी तेवढ्यात प्रवास करावयाचा, आजारपण काढावयाचे, नाहीतर नुसते झोपावयाचे. आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो. त्या समाजातही आईवडिलांची सेवा हा सुनेचा धर्म मानला जाई. विम्याने तो धर्म बुडाला नाही. त्याचा भार चाळिशीपुढच्या साऱ्यांनी थोडाथोडा उचलला.

येथे बसवण्णांची आठवण होते. ते बिज्जळाचे भांडारी होते आणि स्वतःच्या घरी दासोह चालवीत. निंदकांनी राजाचे कान भरले की खजिना जंगमांवर उधळला जातो. हिशेब तपासला तेव्हा एक कवडीही उणी निघाली नाही, असे चरित्रकार सांगतात. आम्ही यातून असे घेतो की राजभांडाराचे काम दासोहावर ढकलू नये आणि दासोहाचे काम राजभांडारावर ढकलून मोकळे होऊ नये. शिकविलेली परिचारिका, खाट, तपासणी, विम्याची रक्कम हे राजभांडाराचे काम. ते आपण भीक म्हणून मागावयाचे नाही. कर आपणही भरतो. आमदार-खासदार मठात येतात, माळ घालून घेतात, तेव्हा रस्ता आणि सभामंडप मागून होतो. जिल्हा रुग्णालयातील त्या दहा खाटांपैकी दोन विसाव्यासाठी ठेवा, असे आजवर कोणी मागितले? आम्हीही नाही.

आक्षेप आहेत. लोक म्हणतील, सासूला टाकून माहेरी गेली. असे म्हणणाऱ्याने त्या घरी एक रात्र बसून दाखवावे, एवढेच आमचे उत्तर. दुसरा आक्षेप खरा आहे: काही जण रुग्णाला आणून सोडतील आणि परत नेणार नाहीत. असे घडते. म्हणून नेण्याची तारीख, पत्ता आणि दोन नातलगांच्या सह्या आधी घ्याव्या लागतील. तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. पैसे देऊन ज्या बाईला आपण बारा-बारा तास रुग्णाजवळ बसवितो, तिचेही ते कायकच. तिला अपुरी मजुरी आणि सुट्टी नाही, असे करून आपल्या सुनेला विसावा दिला तर लक्कम्मांची पोतडी आपण परत केली नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

आता मठाचे. आमच्या यात्री निवासाच्या खोल्या जत्रेचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूपबंद असतात. तळमजल्यावरच्या दोन खोल्या या महिन्यात मोकळ्या केल्या. उंबरे काढले, स्नानगृहात भिंतीला धरावयास दांडे बसविले, कठड्याच्या दोन खाटा आणि हवेची गादी एका भक्ताने दिली. गावातील निवृत्त परिचारिका सात जणांना आठवडाभर शिकवीत आहेत. त्यांत तीन तरुण मुलगे आहेत, याचा आम्हाला विशेष आनंद. रात्रीच्या पाळीची वही मठाच्या कार्यालयात ठेवली आहे. गुरुवारची रात्र आम्ही आमच्या नावावर घेतली आहे. कूस कशी बदलावी हे आम्हाला गुरुजींमुळे येते.

त्या भगिनींना निरोप पाठविला होता. त्यांनी प्रथम नको म्हटले. मग दोन वेळा सासूबाईंना घेऊन दुपारी येऊन बसल्या, जागा ओळखीची व्हावी म्हणून. पुढील महिन्यात शिवरात्रीनंतर त्या पाच दिवसांसाठी माहेरी जाणार आहेत. जाताना द्यावयाचा कागद त्यांनी आताच लिहून आणला. औषधे, वेळा, कोणत्या कुशीवर झोप लागते, सारे त्यात आहे. शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे: भरविताना 'आजी' म्हणू नये, माहेरच्या नावाने हाक मारावी, मगच तोंड उघडतात.